कडी निघण्याआधी

जुन्या इंग्रजी भयकथांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आता त्यांची भीती वाटत नाही.’ त्यामागोमाग आणखी तीन मतं येतात. ही करमणूक आहे, साहित्य नव्हे. मानसशास्त्राने भुताचा उलगडा केल्यावर या गोष्टींत उरलं काय? आणि शेवटचं, सगळ्यांत गंभीर: अशा गोष्टी अंधश्रद्धेला खतपाणी घालतात. ही मतं विचारी माणसांची आहेत, म्हणून ती झटकून टाकता येत नाहीत. पण गेली तीस वर्षं या कथा पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझी खात्री झाली आहे की चारही मतं एकाच गैरसमजातून निघाली आहेत. तो गैरसमज असा, की भयकथेतली भीती भुताची असते.

हा पूर्वपक्ष सर्वांत जोरकसपणे मांडला एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने. १९४४ साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लिहिताना, भयकथांचे संग्रह अजून निघताहेत याचंच त्याने आश्चर्य व्यक्त केलं. भूतकथा ही मेणबत्तीच्या काळातली. विजेच्या दिव्याने ती संपवली, अशी त्याची समजूत होती. पुढच्याच वर्षी त्याने एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथांवर कठोर टीका केली: यात भयानक काही असेल तर ती वाईट अभिरुची आणि वाईट कला. विल्सन उथळ समीक्षक नव्हता. एडगर ॲलन पोची थोरवी तो जाणून होता. म्हणूनच त्याचा मुद्दा नीट तपासायला हवा.

आधी दिव्याचं बघू. एम. आर. जेम्स हा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातला विद्वान. नाताळच्या दिवसांत मित्रांना खोलीवर बोलावून, मेणबत्तीच्या उजेडात तो आपल्या भूतकथा वाचून दाखवत असे. म्हणजे विल्सनचं म्हणणं वरवर खरंच वाटतं. पण १९०४ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या संग्रहातली ‘ओ, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड’ ही कथा उघडून पाहा. पार्किन्स हा तरुण प्राध्यापक, भुताखेतांच्या नुसत्या उल्लेखानेही अस्वस्थ होणारा, पक्का बुद्धिवादी. तो समुद्रकाठच्या गावी सुट्टीला जातो. हॉटेलात त्याला मिळालेल्या खोलीत दोन पलंग आहेत. गावाबाहेरच्या पडक्या टेम्पलर वास्तूत त्याला धातूची एक जुनी शिट्टी सापडते आणि तो ती वाजवतो. त्यानंतर जे येतं त्याला स्वतःचा देह नाही. रिकाम्या पलंगावरच्या अंथरुणातूनच ते आकार घेतं, आणि पार्किन्सला दिसतो तो चुरगळलेल्या कापडाचा चेहरा.

या गोष्टीला विजेचा दिवा काय करणार? दिवा लावला म्हणून दुसरा पलंग नाहीसा होत नाही, उलट तो अधिक स्पष्ट दिसतो. जेम्सने भूत स्मशानात ठेवलं नाही, घडी घातलेल्या चादरीत ठेवलं. आपल्या रोजच्या वस्तूंवर आपण डोळे मिटून जो भरवसा टाकलेला असतो, त्यालाच त्याने हात घातला. पार्किन्सची चूक भित्रेपणाची नाही. आपल्याला पुरेसं कळलेलं आहे, असं त्याने शिट्टी ओठाला लावण्याआधी गृहीत धरलं, एवढीच त्याची चूक. आणि हे गृहीत धरणं मेणबत्तीबरोबर संपलं असं कोण म्हणेल?

आता ‘निव्वळ करमणूक’ हा आक्षेप. त्यासाठी मी सर्वांत लोकप्रिय, शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली कथा घेतो: डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’. जेकब्ज लंडनच्या गोदीत, वॉपिंगच्या धक्क्याच्या परिसरात वाढला, आणि खलाशांवरच्या विनोदी कथा लिहून नावारूपाला आला. त्याच्या या कथेत व्हाइट नावाचं साधं कुटुंब आहे: वयस्क आईबाप आणि तरुण मुलगा हर्बर्ट. हिंदुस्थानात पलटणीत राहून आलेला एक सार्जंट-मेजर त्यांना माकडाचा वाळलेला पंजा दाखवतो. तिथल्या एका फकिराने मंतरलेला हा पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. सार्जंट तो आगीत फेकतो, म्हातारा व्हाइट तो बाहेर काढतो आणि घर कर्जमुक्त करायला लागतील तेवढेच दोनशे पौंड मागतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून एक माणूस येतो. हर्बर्ट यंत्रात सापडून गेला आहे. कंपनी कसलीही जबाबदारी स्वीकारत नाही, पण मुलाने केलेल्या कामाची जाण ठेवून काही रक्कम देऊ इच्छिते. ती रक्कम दोनशे पौंड.

इथे क्षणभर थांबा. आतापर्यंत अलौकिक असं काही घडलेलंच नाही. इंग्लंडमध्ये कामगार भरपाईचा कायदा झाला १८९७ साली. यंत्रात सापडलेला कामगार, त्याची ठरलेली किंमत आणि अंग काढून घेणारी कंपनी, हे त्या काळच्या वाचकाच्या ओळखीचं जग होतं. ‘जबाबदारी आमची नाही’ ही भाषा कचेरीची आहे, भुताची नाही. जेकब्जने मुलाच्या जिवाची किंमत बापाच्याच तोंडून, आदल्या रात्री, शेकोटीपाशी वदवून घेतली. त्याने पंजा वापरला तो एवढ्यासाठी. याला निव्वळ करमणूक म्हणायचं असेल तर गंभीर साहित्य कशाला म्हणायचं?

मग दफनानंतर काही दिवसांनी, मध्यरात्री, आई उठून बसते. दोन इच्छा अजून बाकी आहेत! ती नवऱ्याला पंजा आणायला लावते, मुलगा जिवंत व्हावा म्हणून मागायला लावते. बाप विनवतो, कारण प्रेत त्याने पाहिलं आहे. अंगावरच्या कपड्यांवरूनच तो मुलाला ओळखू शकला होता. तरी तो मागतो. बराच वेळ काही होत नाही. मग दारावर हलकी थाप पडते, पुन्हा पडते, वाढत जाते. आई खाली धावते. साखळी निघते, खालची कडी निघते. वरच्या कडीला तिचा हात पोचत नाही, ती नवऱ्याला हाका मारते, खुर्ची ओढते. आणि तो अंधारात गुडघ्यांवर, जमीन चाचपत, पंजा शोधतो आहे.

सोळाव्या वर्षी ही कथा मी कॉलेजच्या ग्रंथालयात वाचली तेव्हा माझं सगळं लक्ष दाराबाहेर होतं. तिथे काय उभं आहे ते मला बघायचं होतं. शेवटी लेखकाने ते दाखवलं नाही म्हणून फसवल्यासारखं वाटलं.

त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी वडील अतिदक्षता विभागात होते. रात्री अडीचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि व्हेंटिलेटर लावायचा का, असं त्यांनी विचारलं. लावला तर श्वास चालू राहील. पण मेंदूला किती इजा झाली आहे, ते कोणत्या अवस्थेत परत येतील, हे सांगता येणार नाही, असं ते शांतपणे म्हणाले. हातात कागद होता. आई बाकावर बसून एकच म्हणत होती, ‘काहीही करा, पण त्यांना परत आणा.’ मी व्हेंटिलेटर नको म्हणून सही केली. त्या मिनिटाला मला आठवला तो जमिनीवर चाचपडणारा व्हाइट. दाराबाहेरच्या कुणाची आठवणही झाली नाही. आईचंही खरं होतं, माझंही खरं होतं, आणि दोघांनाही पुरेसं काही माहीत नव्हतं.

म्हणून माझी बाजू मी एका वाक्यात मांडतो. श्रेष्ठ भयकथेतली भीती ही अपुऱ्या माहितीवर, आत्ताच्या आत्ता, जवळच्या माणसासाठी किंवा अंगावर घेतलेल्या कामासाठी, करावी लागणारी निवड असते. भूत ती निवड दारापर्यंत आणून सोडतं. वय वाढेल तशी ही भीती कमी न होता वाढत जाते, कारण असे निर्णय आपल्या वाट्याला अधिक येऊ लागतात.

चार्ल्स डिकन्सच्या ‘द सिग्नल-मॅन’मध्ये हे याहून उघडपणे दिसतं. ९ जून १८६५ रोजी केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ डिकन्सची गाडी पुलावर घसरली. दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते, गाडी केव्हा येणार याचा मुकादमाचा अंदाज चुकला होता आणि बावटा दाखवणारा माणूस हवा तितक्या अंतरावर उभा नव्हता. दहा माणसं दगावली. डिकन्स स्वतः बचावला आणि जखमींना पाणी, ब्रँडी पाजत फिरला. १८६६ च्या नाताळात ही कथा छापून आली. रेल्वेच्या खोल चरात, बोगद्याच्या तोंडाशी, ओल धरलेल्या केबिनमध्ये एकटाच ड्यूटी करणारा सिग्नलवाला. लाल दिव्यापाशी एक आकृती त्याला हात करून सावध करते. पहिल्या खेपेनंतर भीषण अपघात होतो, दुसऱ्या खेपेनंतर गाडीत एक तरुणी मरते. आता ती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे.

हा माणूस आकृतीला घाबरलेला नाही, हे नीट पाहायला हवं. त्याच्यापुढचा प्रश्न कामाचा आहे. समोर तारयंत्र आहे. पुढच्या आणि मागच्या स्टेशनला ‘धोका’ अशी तार करता येते. पण कुठे धोका, कसला धोका, असं उलट विचारलं तर उत्तर काय द्यायचं? कारण देता आलं नाही तर त्याला वेडा ठरवून काढून टाकतील. सांगितलं नाही तर माणसं मरतील. जबाबदारी पुरेपूर, अधिकार शून्य आणि हाती माहिती अर्धवट. ज्याने कधी रात्रपाळीत गेट, बॉयलर, वॉर्ड किंवा कंट्रोल रूम सांभाळली आहे, त्याला या माणसाच्या कपाळावरचा घाम ओळखीचा वाटेल. दीडशेहून अधिक वर्षं लोटली, वाफेची इंजिनं गेली, तरी ही भीती जुनी झालेली नाही.

तिसरा आक्षेप मानसशास्त्राचा. इथेही विल्सन आहेच: हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मधली भुतं ही गव्हर्नेसच्या मनाचे खेळ आहेत, असा अर्थ त्याने १९३४ साली मांडला. अर्थ तल्लख आहे आणि मला तो नाकारायचा नाही. पण भूत खोटं ठरलं की भीतीही खोटी ठरते, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. शार्लट पर्किन्स गिलमनची १८९२ सालची ‘द यलो वॉलपेपर’ घ्या. बाळंतपणानंतर खचलेल्या बाईला तिचा डॉक्टर नवरा माडीवरच्या खोलीत विश्रांतीला ठेवतो. लिहायला बंदी, काम करायला बंदी. भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला एक बाई सरपटताना दिसू लागते. ही कथा गिलमनच्या अंगावरून गेलेली होती. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. सायलस विअर मिचेल यांनी तिला असाच विश्रांतीचा उपचार दिला होता आणि लेखणीला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं. इथे सगळा उलगडा पहिल्या पानापासून वाचकाच्या हाती आहे. बाई आजारी आहे, हे सगळ्यांना मान्य आहे. तरीही अंगावर काटा येतो, कारण तिच्या वतीने सगळे निर्णय दुसराच घेतो, तेही प्रेमाने, आणि त्याला आपल्या ज्ञानाबद्दल तिळमात्र शंका नाही. उलगड्याने भीती कमी झाली नाही, तिचा पत्ता तेवढा कळला.

शेवटचा आक्षेप महाराष्ट्रात अधिक जिव्हाळ्याचा आहे. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं लढले, २०१३ साली त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी कायदा झाला. अशा भूमीत भुताच्या गोष्टींचं समर्थन करणाऱ्याने जबाबदारीनेच बोललं पाहिजे. मी जबाबदारीनेच सांगतो: भोंदू बाबा तोडगा विकतो. हा ताईत बांधा, हा कोंबडा उतरवा, सगळं ठीक होईल. अंधश्रद्धेचा सगळा व्यापार खात्रीवर चालतो. भयकथा नेमकी ती खात्री काढून घेते. माकडाचा पंजा हा तोडगाच आहे, आणि त्या तोडग्यावर विश्वास टाकण्याची जी किंमत जेकब्जने दाखवली, तिच्याइतकी कडक ताकीद मला दुसरीकडे क्वचितच सापडली आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचत वाढलेल्या कितीतरी वाचकांनी कधी बुवाची पायरी चढली नाही, हे मी माझ्या भोवती पाहिलं आहे. जिथे तोडगा खरोखरच कामी येतो आणि वाचक निश्चिंत होऊन पुस्तक मिटतो, ती भयकथा मला दुबळी वाटते.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. या परंपरेत डाग आहेत. पंजा हिंदुस्थानातल्या फकिराचाच का? साम्राज्याच्या लेखकांना भय आणायला आपला देश सोयीचा वाटला. लव्हक्राफ्टच्या ‘द हॉरर ॲट रेड हुक’मध्ये तर परदेशातून आलेल्या माणसांबद्दलची किळस हेच भयाचं भांडवल आहे. अशा ठिकाणी विल्सनची टीका मला पटते. पण जिथे परका माणूसच भूत ठरतो तिथे कथा ढासळते, याचं कारणही वरच्या कसोटीतच आहे. तिथे कुणाला काही निवडावंच लागत नाही, घाबरायचं कुणाला हे आधीच ठरलेलं असतं.

राहिलं ते व्हाइटच्या दाराचं. वरची कडी सरकण्याचा आवाज येतो आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याला पंजा सापडतो. तो तिसरी आणि शेवटची इच्छा मागतो. थाप थांबते. दार उघडतं, थंड वारा आत येतो, बायकोच्या तोंडून निराशेचा लांब आक्रोश निघतो. तो धावत फाटकापर्यंत जातो. समोर रस्त्यावरचा दिवा लुकलुकतो आहे आणि रस्ता रिकामा आहे. जेकब्जने रस्ता रिकामा ठेवला हे सोळाव्या वर्षी मला पटलं नव्हतं. आता वाटतं, तो दुसरं काही दाखवूच शकत नव्हता. आपण कुणाला परत पाठवलं, हे त्या बापाला जन्मभर कळणार नाही.