जर्मन शिकवा, पण मराठीतून

पलूसला माझ्याकडे जर्मन शिकायला येणारी बहुतेक पोरं शेतकऱ्यांघरची. महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआय झालेल्यांची चौकशी वाढली. त्यांच्या हातातली पुस्तकं मात्र इंग्रजीतून जर्मन शिकवतात, आणि हे मला अजिबात पटत नाही.

इंग्रजीत फॅनला किंवा टेबलाला लिंगच नाही. तिथून गेलं की ‘डेर, डी, डास’ हा नुसता पाठांतराचा जाच होतो. आपल्या पोरांना तो, ती, ते बोलायला लागल्यापासून येतं.

परवा ‘बांट’ हा शब्द घेतला. डेर बांट म्हणजे ग्रंथाचा खंड. डास बांट म्हणजे फीत, कारखान्यातला सरकता पट्टा, सांध्यातला अस्थिबंधही. डी बँड म्हणजे वाजवणाऱ्यांचा ताफा. अनेकवचनंही वेगवेगळी : बेंडं, बेंडर, बँड्स. एक मुलगी वैतागली. मी फळ्यावर लिहिलं : तो माळ, ती माळ. 1910 मध्ये कुंडलजवळच्या ज्या माळावर किर्लोस्करवाडी वसली तो माळ, गळ्यात घालतो ती माळ. अनेकवचन? “ते माळ, त्या माळा,” ती झटकन म्हणाली. “मॅडम, हे तर आपल्यागतच हाय की!”

खंड आणि फीत दोन्ही ‘बिंडन’ म्हणजे बांधणे या क्रियापदातून आले. ताफ्याचा बँड पुढे इंग्रजीतून आला. ‘बिंडन’ आणि संस्कृत ‘बन्ध्’ यांचं मूळ एकच. म्हणजे जो कोरला म्हणून आमच्याकडे कोर्टकचेऱ्या होतात, तो शेताचा बांध या बांटचा नातलग आहे. हे कळल्यावर वर्गात कुणी तो शब्द विसरलेलं नाही.

प्रत्येक शब्दाचं लिंग जुळेल असं नाही. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, ते पाठच करावं लागतं. पण विभक्ती बघा. ‘मला थंडी वाजते’ याला जर्मन म्हणतो ‘मिअर इस्ट काल्ट’. तिथेही ‘मला’च. इंग्रजीवरून आलेली पोरं ‘इश बिन काल्ट’ म्हणतात, म्हणजे ‘मी भावनाशून्य आहे’. उद्या दवाखान्यात रुग्णाशी बोलायचं आहे त्यांना.

सरकार प्रशिक्षणावर पैसा घालणार असेल, तर आधी मराठीतून लिहिलेलं जर्मन व्याकरण छापावं. त्यात प्रत्येक नामापुढे तो, ती की ते, हे अनेकवचनासह असावं, आणि विभक्त्यांना पोरांनी शाळेत शिकलेलीच नावं असावीत.