हवा फुकट, मग सिलिंडर भरायला पैसे कसले? मालवणच्या स्कुबा धंद्याचा न दिसणारा हिशोब

मालवण : तारकर्ली, दांडी, देवबाग या पट्ट्यात सीझन लागला की स्कुबाचे दर हा रोजचा विषय होतो. एकाने दर उतरवला की शेजारच्याला उतरवावाच लागतो. बोटीचे डिझेल कमी होत नाही, एजंटचे कमिशन कमी होत नाही, गाईडची मजुरी आधीच तुटपुंजी. मग काटकसर करायची कुठे? जी पर्यटकाला दिसत नाही तिथे. सिलिंडरमधली हवा कोणालाच दिसत नाही.

परदेशात हौशी डायव्हर स्वतःचा सिलिंडर घेऊन दुकानात जातो आणि नुसती हवा भरून घेतो. अमेरिकेत त्याला साधारण १० डॉलरच्या आसपास, म्हणजे आठ-नऊशे रुपये पडतात. तिथे भरणीचा दर फळ्यावर लिहिलेला असतो. आपल्याकडे येणारा पर्यटक एकदाच बुडी मारणारा. तो बोट, गाईड, फोटो, व्हिडिओ सगळ्याचे मिळून पैसे देतो. त्यात हवेचे किती, हे तो विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

सिलिंडरमध्ये असते काय?

लोक त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. ते चूक आहे. त्यात साधी हवाच असते, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. हॉस्पिटलचा शुद्ध ऑक्सिजन घेऊन खोल पाण्यात गेले तर तोच विषारी ठरतो.

नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये ११ लिटर पाणी मावते. त्यात सुमारे २,२०० लिटर हवा दाबून भरतात. दाब ३,००० पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये ३२ असतो, म्हणजे नव्वद पटींहून जास्त. त्यामुळे पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे चालत नाही. श्वासाच्या हवेसाठीच बनवलेले वेगळे यंत्र लागते आणि त्याची किंमत लाखात असते.

एका भरणीचा हिशोब

खालचे दर समजण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून बघावे.

पेट्रोल इंजिनवरचे लहान यंत्र मिनिटाला १०० लिटर हवा दाबते. म्हणजे रिकामा सिलिंडर भरायला बावीस मिनिटे आणि अर्धा लिटर पेट्रोल, साधारण ५५ रुपये. तेच यंत्र विजेच्या मोटरवर असेल तर एक युनिटच्या आसपास वीज, १५ रुपये धरा.

यंत्र ४ लाखांचे, आठ वर्षे टिकले आणि वर्षाला दोन हजार भरण्या झाल्या, तर भरणीमागे २५ रुपये. तीन महिने पावसात धंदा बंद, त्यामुळे हा खर्च उरलेल्या महिन्यांतच वसूल करावा लागतो.

मग येतो फिल्टर. हवेतली वाफ, तेलाचा अंश आणि वास तो अडवतो. फिल्टर ५ हजारांचा आणि ६० भरण्यांनी बदलला तर भरणीमागे ८३ रुपये. तेल, व्हॉल्व्ह, सिलिंडरची तपासणी, मजुरी आणि ने-आण मिळून आणखी ८५ धरले, तर एक भरणी अडीचशे रुपयांच्या घरात जाते.

यात सगळ्यात मोठा एकटा खर्च फिल्टरचा, आणि फिल्टर लांबवला तर लगेच कोणाला कळतही नाही. साठऐवजी दीडशे भरण्यांना तोच वापरला तर भरणीमागे ५० रुपये सुटतात. दोन पर्यटकांना मिळून एक सिलिंडर आणि गाईडला एक धरला, तर पर्यटकामागे पन्नास रुपये वाचले. मोह होतो तो याच पन्नास रुपयांचा.

त्यात आपली हवा दमट आणि उष्ण. २० अंशांपेक्षा ४० अंशांना हवेत तिप्पट वाफ मावते, म्हणून फिल्टर लवकर भिजतो. थंड देशाच्या तक्त्यातले तास इथे लागू करून चालत नाही.

घोटाळा कुठे होतो

पेट्रोल इंजिनचा धूर आणि यंत्राची हवा ओढायची नळी जवळजवळ असली, किंवा वारा फिरला, तर कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरमध्ये जातो. त्याला रंग नाही, वास नाही. साधा फिल्टर त्याला अडवत नाही, त्यासाठी वेगळे रसायन लागते. युरोपच्या मानकात श्वासाच्या हवेत तो दहा लाख भागांत ५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. पाण्याखाली दाब वाढतो तसा त्याचा परिणामही वाढतो, वीस मीटरवर तिप्पट. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे. किनाऱ्यावर त्याला बोट लागली म्हणतात आणि विषय संपतो.

दुसरा प्रकार मापात मारण्याचा. घाईत भरलेला सिलिंडर तापतो. काटा २०० बार दाखवतो, थंड झाल्यावर तोच १८५ वर येतो. दुधात पाणी घातल्यासारखेच.

पर्यटक ही हवा पंधरा मिनिटे घेतो. गाईड दिवसात सहा-सहा, आठ-आठ बुड्या मारतो, पूर्ण सीझनभर. हा गाईड कोण? आपल्याच गावचा, रापणीवाल्याचा किंवा तांडेलाचा मुलगा. पन्नास रुपयांची बचत सगळ्यात जास्त त्याच्या छातीत जाते.

पुढे हवा जास्त लागणार

निवतीजवळच्या समुद्रात नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार पाण्याखालचे आकर्षण म्हणून वापरायची सरकारची योजना आहे. सहा मीटरवर नवखा माणूस एका सिलिंडरवर चाळीस मिनिटे काढेल, वीस मीटरवर बावीसच. म्हणजे खोल डायव्हिंग वाढले की भरण्या दुप्पट लागतील, आणि खराब हवेचा धोकाही वाढेल.

उपाय महाग नाही

पहिला उपाय विजेच्या मोटरचा. वरच्या हिशोबात मोटरवर भरणीमागे ४० रुपये वाचतात. फिल्टर लांबवून वाचणाऱ्या पन्नासाच्या हे जवळ जाते, आणि इंजिनचा धूरच राहत नाही. बोटीचा आणि जनरेटरचा धूर मात्र तरीही लांब ठेवावा लागेल. पेट्रोल इंजिन ठेवायचेच तर हवेची नळी वाऱ्याच्या दिशेला, धुरापासून लांब आणि उंच हवी.

दुसरा उपाय गावाच्या सवयीतला. प्रत्येकाने घरी दूध थंड करायचे यंत्र घेतले नाही, डेअरीत एकच टाकी ठेवली. तसे बोटवाल्यांनी मिळून एक मोठे भरणी केंद्र काढले तर फिल्टर वेळेवर बदलता येईल, हवेची तपासणी परवडेल आणि सगळ्यांचा दर एक राहील. सिलिंडर भरण्याचे काम गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली येते आणि त्यावर पेसो ही केंद्राची यंत्रणा देखरेख ठेवते. परवान्याची धावपळही एकट्यापेक्षा सोसायटीला सोपी.

तोपर्यंत गाईडच्या पोरांनी मालकाला तीन गोष्टी विचाराव्या : फिल्टर कधी बदलला, त्याची वही आहे का, सिलिंडरवर शेवटच्या दाबचाचणीची तारीख कुठली. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर लावायचा नाही. वास नाही म्हणून हवा चांगली असेही समजायचे नाही. बुडीनंतर रोज डोके धरत असेल तर उन्हाला दोष देण्याआधी कॉम्प्रेसर तपासायला लावावा.

दर पन्नास रुपयांनी वाढवला तर एखादा पर्यटक शेजारी जाईल. खराब हवेने एक माणूस गेला तर सगळा किनाराच बंद पडेल, आणि तेव्हा ज्याने फिल्टर वेळेवर बदलला त्याचीही बोट वाळूवरच राहील.