दोन लाईनी असून दुकान बंद का?

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे गडचिरोली जिल्ह्यात धंदा करणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. तिकडचा दुकानदार मृगाच्या आधीच मीठ, तेल, साबण भरून ठेवतो. रस्त्याच्या बाबतीत आपला माणूस असा सावध असतो. मात्र कचेरीतल्या इंटरनेटच्या रस्त्याबाबत तोच माणूस अगदी निर्धास्त असतो. ‘आमच्याकडे दोन राउटर आहेत, दोन लाईनी आहेत’ एवढे म्हटले की त्याचे समाधान होते. हे समाधान बहुतेक वेळा फसवे असते आणि मुख्य स्विच बदलण्याच्या दिवशी ते उघडे पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय सूरजागडच्या निमित्ताने मांडण्यास कारण आहे. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर २०१६ साली लोहखनिज काढण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली आणि काम थांबले. २०२१ पासून ते पुन्हा सुरू झाले. खाण म्हटली की तिच्यामागे ट्रक, टायर, वेल्डिंग, गॅरेज, सुटे भाग, खानावळ हे सारे आलेच, आणि या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. आज यातला प्रत्येक व्यवहार तारेवर चालतो. तेलंगणातून ५० हजार रुपयांवरचा माल आणायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देते. जीएसटीचे विवरण ऑनलाईन भरावे लागते. तार तुटली की गाडी उभी राहते, आणि उभ्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही.

खनिजाचेच उदाहरण घ्या. पूर्वी ते केवळ रस्त्याने जाई. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. बारीक दळलेले खनिज पाण्याबरोबर तिच्यातून वाहून नेतात. म्हणजे वाटा दोन झाल्या. पण दोन्ही वाटांचे मूळ एकाच डोंगरात आहे. तिथे काम थांबले तर रस्ताही रिकामा आणि नळही रिकामा. कचेरीतला मुख्य स्विच म्हणजे असा डोंगर होय.

स्विच म्हणजे काय, राउटर म्हणजे काय

कचेरीतल्या सर्व संगणकांच्या, काट्याच्या, कॅमेऱ्यांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात ती पेटी म्हणजे मुख्य स्विच. राउटर हा बाहेर पडण्याचा दरवाजा. मोठ्या कचेऱ्या दोन राउटर ठेवतात, एक मुख्य व एक राखीव. दोघे मिळून एकच सामाईक पत्ता वापरतात आणि संगणकांना तेवढाच पत्ता ठाऊक असतो. व्हीआरआरपी नावाच्या प्रचलित पद्धतीत मुख्य राउटर साधारण दर सेकंदाला ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवतो. लागोपाठ तीन निरोप आले नाहीत, की राखीव राउटर तो पत्ता आपल्याकडे घेतो. व्यवस्था चांगली आहे. पण हा निरोप जातो स्विचमधूनच, ही गोष्ट लोक विसरतात.

समजा, आलापल्लीच्या एका वाहतूक कचेरीने जुना स्विच काढून नवा बसवला. दिवे लागले, तारा खोचल्या, कारागीर पैसे घेऊन गेला. जुन्या स्विचमध्ये जी अंतर्गत विभागणी, म्हणजे व्हीलॅन, करून ठेवली होती ती नव्यात नीट उतरली नाही, म्हणून एका राउटरचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोहोचेना. राखीवाला वाटले मुख्य मेला. त्याने गादी घेतली. मुख्य तर बसलेलाच होता. एका पत्त्याचे दोन मालक झाले! आता कधी बिल निघते, कधी अडकते. मालक इंटरनेट कंपनीला दोष देतो, कंपनी म्हणते आमची लाईन ठीक आहे, आणि दोष मात्र घरातल्याच पेटीत असतो.

मोठ्यांचीही गत हीच

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार सकाळी ११.४० च्या सुमारास थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. बाजाराने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनेक लाईनी घेतल्या होत्या. तरी दोन्ही कंपन्यांच्या लाईनी बिघडल्या, आणि रस्त्यावरील खोदकाम व बांधकाम हे त्याचे कारण पुढे आले. शिवाय माहिती साठवणारी यंत्रणा अशा प्रसंगी जशी वागायला हवी होती तशी वागली नाही. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या दूरसंचार कंपनीने मुख्य जाळ्याच्या सुधारणेचे काम चालू असताना एक गाळणी काढून टाकली. सारे जाळे कोसळले, एक कोटीहून अधिक ग्राहक अडकले आणि दुकानांतली कार्डे चालेनाशी झाली. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आपापसातला संपर्कही त्याच जाळ्यावर होता. विहिरीत पडलेल्याला काढायचा दोर विहिरीतच पडावा, तसा हा प्रकार.

जिथे कोट्यवधींची उलाढाल आणि तज्ज्ञांची फौज आहे तिथे हे घडते, तर आपल्या चार संगणकांच्या कचेरीत ते घडणार नाही हे कशावरून?

तपासणी कशी करावी

बिघाड झाल्यास सर्व काही एकदम उपटू नये. आधी दोन्ही राउटरवर पाहावे की मुख्य कोण आणि राखीव कोण. एक मुख्य, एक राखीव असेल तर निरोप पोहोचत आहे. दोघेही स्वतःला मुख्य म्हणत असतील तर दोघांच्या मधल्या वाटेत, म्हणजे स्विचच्या मांडणीत, दोष आहे. मग त्या तारा योग्य भोकात आहेत का, दोन्ही एकाच व्हीलॅनमध्ये आहेत का, स्विच ते निरोप अडवत तर नाही ना, हे क्रमाने पाहावे. राउटर बरोबर आणि तरी इंटरनेट नाही, तर बाहेरची लाईन पाहावी. लाईन दूर कुठे तुटली असली तरी राउटरजवळचा दिवा चालूच राहतो. दूरवरची खबर घेण्याची सोय राउटरमध्ये सुरू केली नसेल तर त्याला पत्ताच लागत नाही आणि तो गादी सोडत नाही.

दुसरी लाईन घेताना विचारावे की तिची तार पहिलीच्याच खड्ड्यातून, पहिलीच्याच खांबावरून तर येत नाही ना. मोबाईलचे सिमकार्ड राखीव ठेवले तरी तो टॉवर त्याच तारेवर चालत असू शकतो. आणि दोन्ही राउटर एकाच स्विचला, एकाच विजेच्या बोर्डाला जोडले असतील, तर दोघे एकदम जातील.

सौदा ठरवतानाच बोलावे

व्यापारी बंधूंना आमची सूचना आहे, की स्विच बदलण्याचे काम देताना चार गोष्टी आधीच ठरवाव्यात. जुन्या स्विचची सर्व मांडणी कागदावर उतरवून घ्यावी. काम ११ किंवा २० तारखेच्या तोंडावर काढू नये, कारण दरमहा जीएसटी भरणाऱ्यांच्या विवरणाच्या मुदती त्याच दिवशी असतात. जुना स्विच आठवडाभर भंगारात देऊ नये; गरज पडली तर तोच परत बसवता येईल. आणि पूर्ण पैसे देण्यापूर्वी कारागिराला समोर बसवून मुख्य राउटरची तार काढायला लावावी, मग बाहेरची लाईन काढायला लावावी. काम चालू राहिले पाहिजे. तार परत लावल्यावर कारभार पुन्हा मुख्याकडे गेला पाहिजे. अर्ध्या तासाची ही परीक्षा आहे. जी राखीव लाईन कधी वापरून पाहिली नाही तिचे भाडे म्हणजे बुडीत खाते समजावे.

कोणी म्हणेल, हा मोठ्यांचा खटाटोप, लहान दुकानदाराला एवढे कशाला? मान्य आहे, किराणा दुकानाला दोन राउटर नकोत. त्याला एक लाईन, एक दुसऱ्या कंपनीचे सिम आणि उधारीची वही पुरे. पण सूरजागडच्या वाहतुकीवर ज्यांचे पाच-दहा ट्रक चालतात, त्यांच्या कचेरीला हा हिशेब चुकवता येणार नाही.

कारागीर बंधूंनाही दोन शब्द. स्विच बिघडला की चंद्रपूर-नागपूरहून माणूस बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत गाड्या उभ्या राहतात. ज्या हातांनी मोटार वाइंडिंग केले, घरांची फिटिंग केली, मोबाईल दुरुस्त केले, त्या हातांना हे काम अवघड नाही. दोन जुने राउटर आणि एक जुना स्विच भंगारातून घ्यावा, घरी जोडावा, मुद्दाम बिघडवावा आणि पुन्हा सुरू करावा. आलापल्ली, अहेरी, एटापल्लीत असे चार जाणते हात तयार झाले, तर तो पैसा इथेच राहील. डोंगरातले लोखंड बाहेर जाते. निदान कसब तरी इथे राहू द्या.