शिंदळ माकुडीची तीन नावे

शिवनेरीसारख्या सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर शिंदळ माकुडी उगवते. खोड मांसल, फूल गडद किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके. एकोणिसाव्या शतकात डालझेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने स्वतंत्र प्रजाती उभारून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. तिच्या जवळच्या नातलगांना पाने नावापुरतीच असतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद पाने फुटतात, म्हणून हे वेगळे घर. १९५८ मध्ये रौली यांनी तिला ‘कॅरालुमा’ प्रजातीत नेले. तिथे ‘इंडिका’ नावाची दुसरी जाती आधीच होती, आणि एका प्रजातीत दोन जातींना एकच नाव देता येत नाही. मग फ्रियरसाहेबांचे नाव पुढून मागे आले: ‘कॅरालुमा फ्रेरेई’. पुढे तिचे नाते ‘बुसेरोसिया’शी जुळले आणि ती ‘बुसेरोसिया फ्रेरेई’ झाली. कुळही बदलले, कारण १९९८ च्या वर्गीकरणात रुईचे अख्खे कुळ कण्हेरीच्या कुळात सामावले गेले. सारखी नावे बदलतात म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांवर चिडणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र या बदलांत प्रामाणिकपणा दिसतो: नाते नव्याने कळले की पत्ता बदलायलाच हवा. शिवाय जुने नाव पुसले जात नाही, पर्यायी नाव म्हणून नोंदीत राहते. या दुर्मीळ वनस्पतीच्या संवर्धनावरचे जुने-नवे लिखाण वाचायचे, तर तिन्ही नावे हाताशी ठेवावीत.