खुणा उरल्या, व्यवहार गेला

वर्धा जिल्ह्यातील लहान शहरांची ओळख सांगावयाची झाल्यास काही खुणा आपोआप पुढे येतात. पुलगावची गिरणी आणि दारूगोळा भांडार, आर्वीचे छोट्या गाडीचे स्टेशन, हिंगणघाटचा कापूस बाजार, देवळीचे मिरननाथ महाराजांचे देवस्थान, सिंदीचा तान्हा पोळा, १६ ऑगस्ट १९४२ ची आठवण देणारे आष्टीचे हुतात्मा स्मारक. गावकऱ्यांना या खुणांचा अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता गिरणी, स्टेशन आणि बाजार या केवळ खुणा नव्हत्या. भोवतालच्या शिवारात पिकणाऱ्या संपत्तीचा काही भाग गावातच थोपवून धरणारी ती साधने होती. यांतील अनेक साधने निकामी झाली, खुणा तेवढ्या उरल्या; हाच या शहरांपुढचा आजचा खरा प्रश्न होय.

ही शहरे कापसाने आणि लोहमार्गाने घडविली. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळ्या काढलेल्या या जिल्ह्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखण्यात आले आणि दुसऱ्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोहोचली. पुढे हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या निघाल्या. आर्वी भागातील कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी १९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी असा सुमारे ३५ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग टाकण्यात आला. परकीय राज्यकर्त्यांचा हेतू कच्चा माल बंदरापर्यंत नेण्याचा होता, हे उघड आहे. तरीही सरकी काढणे, गाठी बांधणे, सूत कातणे व कापड विणणे ही कामे जेवढी येथे झाली, तेवढी मजुरी येथे वाटली गेली. ती मजुरी किराणा दुकानात, शिंप्याकडे, खानावळीत आणि आठवडी बाजारात खर्च होई आणि एकाच रुपयावर गावातील चार घरे चालत.

ही साखळी एकाएकी तुटली नाही. आजारी पडलेली हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणी १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाली. पुढे तीही बंद पडली. पुलगाव–आर्वी गाडी थांबली. कापूस पिकणे मात्र थांबले नाही. म्हणजे संपत्ती निर्माण होतच आहे. तिच्यावरील प्रक्रियेचा मोठा वाटा जिल्ह्याबाहेर मिळविला जातो, एवढेच. याचा परिणाम जनगणनेत दिसतो. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. वर्धा जिल्ह्याची वाढ जेमतेम पाच टक्के होती. जन्मप्रमाणातील घट हे त्याचे एक कारण असेल, परंतु शिकलेली मुले नागपूर, पुण्याकडे जातात हे कोणत्याही शिक्षकास ठाऊक आहे.

याच्या जोडीला एक आर्थिक बदल घडला, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. १ मे १९९९ पासून राज्यातील नगरपालिकांची जकात रद्द झाली. जकातीचे दोष अनेक होते. नाक्यावरील खोळंबा आणि भ्रष्टाचार यांमुळे व्यापारी त्रासले होते आणि ती गेली हे बरेच झाले. पण जकातीत एक गुण होता. गावात माल जितका येई, तितके नगरपालिकेचे उत्पन्न वाढे. बाजाराच्या भरभराटीत नगरपालिकेचाही स्वार्थ होता. त्याजागी राज्य शासनाचे अनुदान आले आणि बाजाराशी असलेले हे नाते सुटले. आता नगराध्यक्षाची दृष्टी बाजारपेठेपेक्षा मंत्रालयाकडे अधिक लागते. अनुदानातून चौकाचे सुशोभीकरण होते, प्रवेशद्वार उभे राहते, पण त्या द्वारातून गावात रोजगार येईलच असे नाही.

नव्या दळणवळणाचाही याच कसोटीवर विचार व्हावयास हवा. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. जिल्ह्यात येळाकेळी व विरूळ येथे त्यावर चढण्याची सोय आहे. मात्र हा बंदिस्त मार्ग आहे. जुन्या रस्त्याप्रमाणे त्याच्या कडेला दुकान, गॅरेज वा उपाहारगृह निघू शकत नाही. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब लोहमार्ग सुरू होऊन देवळी रेल्वेच्या नकाशावर आली. जी सोय आर्वीने गमावली, ती देवळीला लाभली. परंतु ही गाडी केवळ माणसे बाहेर नेण्यासाठी धावणार, की देवळीत तयार झालेला मालही नेणार, यावर तिचे मोल ठरेल.

लहान शहरे ओसरणे हा प्रगतीचा नियमच आहे, असे काही जण म्हणतील. ज्या जिल्ह्यात १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत बसून जो. का. कुमारप्पा यांनी कच्चा माल जेथे पिकतो तेथेच त्याला पक्के रूप देण्याचा विचार मांडला, त्या जिल्ह्याने तरी हा युक्तिवाद तपासल्यावाचून मान्य करू नये. कुमारप्पांचा चरखा जशाच्या तसा परत आणा, असा याचा अर्थ नव्हे. जिनिंगच्या पुढील सूत, सरकीचे तेल व पेंड, शस्त्रक्रियेचा कापूस यांसारखे उद्योग तालुक्याच्या ठिकाणी निघावेत. वस्तू व सेवा कराच्या वसुलीतील ठरावीक हिस्सा स्थानिक उलाढालीच्या प्रमाणात नगरपालिकेस मिळावा. महामार्गाच्या चढणीपासून आर्वी व सेलूच्या बाजारापर्यंत चांगले रस्ते व वेळेवर बस असाव्यात. या मागण्या अवास्तव नाहीत.

नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्यांना पुतळा कोठे बसविणार, हे नागरिक आवर्जून विचारतात. गावात पिकलेल्या कापसापैकी किती कापसाची मजुरी गावात राहणार, हा प्रश्नही त्यांनी तितक्याच आग्रहाने विचारावयास हवा.