विजेवरची वाद्ये : एक प्रतवारी

वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. तिची योग्यता मात्र ती घरात काही वर्षे वापरल्यावाचून कळत नाही. वाद्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. गेल्या पंचवीस वर्षांत प्रस्तुत लेखकाच्या घरी विजेवर चालणारी चार वाद्ये आली : इलेक्ट्रॉनिक तानपुरा, तालयंत्र, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. चारही मनसोक्त वापरून झाली आहेत. “सर, शाळेसाठी ह्यांतले कोणते आधी घ्यावे?” असा प्रश्न विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देण्याऐवजी कारणांसह द्यावे, म्हणून ह्या चौघांची प्रतवारी येथे लावीत आहे.

प्रतवारी लावावयाची तर आधी कसोटी ठरविली पाहिजे. बाजाराची कसोटी निराळी असते. कोणत्या यंत्रात आवाज किती, ताल किती, कर्णा केवढा मोठा, ह्यावर तेथे मोल ठरते. ह्या कसोटीने पाहिल्यास शेकडो आवाजांचा कीबोर्ड पहिला येईल आणि अहोरात्र एकच सूर धरून बसणारा तानपुरा शेवटी जाईल. विद्यार्थ्याची कसोटी अशी असू शकत नाही. माझ्या मते त्याने एवढेच विचारावे : यंत्र बंद केल्यावर माझ्यापाशी काय उरले? निंबर्ग्यासारख्या गावी हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. ऐन रंगात आलेल्या भजनात वीज गेल्याचा अनुभव आपणां सर्वांस आहे. त्या अंधारात ज्याचा षड्ज गळ्यात टिकून राहतो आणि ज्याची लय हातात टिकून राहते, त्याला त्याच्या यंत्राने काही दिले असे म्हणावयाचे; इतरांचे नुसते मनोरंजन झाले.

येथे कोणी म्हणेल की, यंत्र ते यंत्र; परक्या वस्तूंचा हा पसारा आपल्या संगीतात हवाच कशाला? ह्या आक्षेपाला आपल्या देवळातील पेटीच उत्तर देते. हार्मोनियम हे मूळचे फ्रान्समधील वाद्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५ च्या सुमारास त्याला मांडी घालून वाजविता येईल असे रूप दिले आणि पाहता पाहता ते कीर्तनात, नाटकात, भजनात शिरले. त्याच्यावर बहिष्कारही पडला. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदी केली व ती १९७१ पर्यंत चालली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी तर विसाव्या शतकाच्या आरंभीच पेटीचे स्वर श्रुतींशी जुळविण्याचा खटाटोप केला होता. आज भजनी मंडळात पेटी नसेल तर लोकांना चुकल्यासारखे वाटते. तात्पर्य, वाद्य कोठून आले ह्यावरून त्याची योग्यता ठरत नाही. ते आपल्या कानांना आणि हातांना काय शिकविते ह्यावरून ठरते.

ह्या कसोटीने पहिला क्रमांक मी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यास देतो. ह्या यंत्राची जन्मकथा आपल्याच राज्यातील आहे. बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण ह्यांनी १९७९ च्या सुमारास विजेवरचा तानपुरा सिद्ध केला. आज देशभर, किंबहुना परदेशांतही, गवयाच्या पिशवीत ही लहानशी पेटी असते. खऱ्या तानपुऱ्याची जागा ती घेऊ शकत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. मिरजेचा तानपुरा घ्या. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या परिसरात पिकतो. तीच भीमा पुढे आपल्या जिल्ह्यातून वाहते. घोडीवरची तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये दोऱ्याचा एक धागा सरकवून कारागीर जवारी काढतो, आणि मग एका तारेतून अनेक उपस्वर गुंजू लागतात. खर्जाची तार नीट लागली असेल तर तिच्यातून न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते ह्या कारागिरीचा योग्य गौरव म्हणून. परंतु असा तानपुरा प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला घेता येत नाही. घेतला तरी नवशिक्याला तो लावता येत नाही, आणि बेसूर तानपुऱ्यावर केलेला रियाज कान घडविण्याऐवजी बिघडवितो.

माझ्याकडे ह्या यंत्राचे दोन प्रकार होते. जुन्यात नुसत्या फिरवावयाच्या कळा. नव्यात काचेवर काळी एक, पांढरी चार असे अंक उमटतात व सूर जागच्या जागी मिळतो. सोय नव्यात अधिक आहे, तरीही विद्यार्थ्यासाठी मी जुन्याला वरचे स्थान देईन. त्यात सूर मिळेपर्यंत कळ केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवावी लागते, आणि तेवढा वेळ कान जागा ठेवावा लागतो. पंचमाची तार षड्जाशी कधी भांडते आणि कधी एकरूप होते, हे ज्याने शंभर वेळा स्वतः ऐकून ठरविले, त्याला पुढे मिरजेचा तानपुरा हाती आला तर तो परका वाटणार नाही. शिवाय हे यंत्र कोणाचेही काम स्वतः करीत नाही. ते गात नाही, तान घेत नाही, चूक झाकीत नाही. ते केवळ षड्जाची आठवण देत राहते. यंत्र बंद केल्यावर कान उरतो, म्हणून पहिला मान त्याचा.

दुसरा क्रमांक तालयंत्राचा. ज्याला लोक ‘तबल्याची पेटी’ म्हणतात तेच हे. त्रितालाच्या सोळा मात्रा, एकतालाच्या बारा, झपतालाच्या दहा, रूपकाच्या सात, शिवाय दादरा, केरवा आणि भजनी ठेका. लय हवी तेवढी संथ वा जलद. एकट्या विद्यार्थ्याला ह्याहून उपकारक सोबती मिळणे कठीण. पहाटे पाच वाजता कोणता तबलजी एका मुलासाठी विलंबित एकताल तासभर वाजवीत बसेल? यंत्र बसते. त्याला कंटाळा नाही, राग नाही, आणि आपण सम चुकलो तर ते तोंडावर हसत नाही.

परंतु ह्या गुणातच त्याचा दोष आहे. ते वाट पाहत नाही. कीर्तनकार एखाद्या शब्दावर क्षणभर रेंगाळला तर जाणता पखवाजी आपला हात किंचित सैल सोडतो. गाणारा पुढे सरसावला तर तोही सरसावतो. लय ही दोन माणसांमधली समजूत आहे, आणि यंत्राशी समजूत घालता येत नाही. त्याची आज्ञा पाळावी लागते. म्हणून घरातील रियाजासाठी तालयंत्र उत्तम, देवळातील भजनासाठी मात्र शेवटचा उपाय. आपल्या भागातील काही मंडळांत पखवाजी मिळत नाही म्हणून हे यंत्र आले, आणि यंत्र आले म्हणून नवा पखवाजी तयार झाला नाही. पोकळी भरावयास आणलेल्या वस्तूने पोकळीच कायम करावी, ही गोष्ट गावाने विचार करण्याजोगी आहे.

तिसऱ्या स्थानी मी ऑक्टोपॅड ठेवितो, आणि येथे पुष्कळांचा मतभेद होईल हे मी जाणतो. ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी चौकटींचे वाद्य. काठीने जी चौकट वाजवावी तिला नेमून दिलेला आवाज उमटतो. रोलंड ह्या जपानी कंपनीने १९८५ साली ते प्रथम काढले व आपल्याकडील ऑर्केस्ट्रांनी ते पुढे उचलून धरले. त्याच्याविरुद्ध मुख्य तक्रार अशी की, त्यावर ढोलकीचा आवाज निघतो परंतु ढोलकीचे बोट शिकता येत नाही. ही तक्रार खरी आहे. शाईवरचे बोट, चाटेवरची टिचकी, डाव्या हाताच्या मनगटाने दाबून काढलेला घुमार, ह्यांतील काहीही रबराला कळत नाही. हलगी वाजविण्यापूर्वी कातडे शेकोटीवर तापवावे लागते, हेही ऑक्टोपॅडवर वाढलेल्या मुलाला ठाऊक नसते. तथापि एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे : काठी उचलल्यावाचून तो वाजत नाही. लय मनगटातच असावी लागते. हात थांबला की वाद्य थांबले. ऑक्टोपॅड सोडून त्या मुलाने ताशा किंवा संबळ हाती घेतला तर त्याची लय त्याच्याबरोबर जाते. एवढे उरते, म्हणून तिसरे स्थान.

चौथा आणि शेवटचा कीबोर्ड. कॅसिओ ह्या कंपनीने, जी तोवर गणकयंत्रांसाठी ख्यात होती, १९८० साली आपला कॅसिओटोन बाजारात आणला. तेव्हापासून आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणण्याचाच प्रघात पडला आहे. ह्या वाद्याचे गुण थोडे नाहीत. भाता हलवावा लागत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात, स्वरलेखन शिकावयास ते सोयीचे आहे. त्याचे स्वर मात्र बारा समान भागांत वाटलेले असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर तानपुऱ्यातून निघणारा शुद्ध गांधार सुमारे ३८६ व्या भागावर येतो. कीबोर्डचा ४०० व्या भागावर असतो. पंचमात फरक अवघा दोन भागांचा, गांधारात चौदांचा. हा दोष सामान्य पेटीतही आहे, म्हणून केवळ त्याखातर मी कीबोर्डला खाली ढकलीत नाही.

माझा आक्षेप दोन कळांवर आहे. एक कळ दाबली की सारे स्वर वर किंवा खाली सरकतात. त्यामुळे मुलगा आयुष्यभर पांढरी एक धरूनच वाजवितो आणि पट्टी बदलण्याचे काम यंत्रावर सोपवितो. दुसरी कळ दाबली की ढोल, गिटार आणि इतर साथ आपोआप सुरू होते. एका बोटाने वाजविलेल्या चार स्वरांना वाद्यवृंदाचा थाट येतो. ऐकणारे वाहवा करतात आणि वाजविणाऱ्याला वाटते की हे आपणच वाजविले. वीज गेली की हाती उरते ते एकच बोट. ह्या दोन कळांना हात न लावण्याचा निश्चय ज्याच्यापाशी आहे, त्याने कीबोर्ड अवश्य घ्यावा. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून तो निश्चय अपेक्षिणे म्हणजे मिठाईच्या दुकानात बसवून उपवास सांगण्यासारखे आहे.

मग मोबाइलचे काय, असे विचारले जाईल. त्यात तर तानपुरा, तबला, पेटी सर्व काही मिळते आणि तेही बहुधा फुकट. ज्याच्या घरी वेगळे यंत्र घेण्याची ऐपत नाही त्याने मोबाइलवरचा तानपुरा खुशाल वापरावा. गरिबाच्या रियाजाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. फक्त त्या वेळी फोनचे इतर व्यवहार बंद ठेवावेत. ज्या वाद्यातून मध्येच एखाद्या मित्राचा निरोप येतो, त्याच्यावर षड्ज स्थिर व्हावयाचा नाही.

ह्या प्रतवारीवर एक आक्षेप मला स्वतःलाच वजनदार वाटतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली केवळ विजेच्या यंत्रांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका केली. त्यांतील एक यंत्र, रोलंडचे टीबी-३०३, हे मुळात बास गिटार वाजविणाऱ्या माणसाच्या ऐवजी वापरावे म्हणून काढले होते. त्या कामी ते अपयशी ठरले व १९८४ साली त्याचे उत्पादनही थांबले. पुढे शिकागोच्या तरुणांनी त्याच्यातून एक नवेच नृत्यसंगीत काढले. सिंग ह्यांची ध्वनिमुद्रिका प्रथम फारशी कोणी ऐकली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या जाणकारांनी कान टवकारले. मग यंत्राला हीन कसे म्हणावे? माझे उत्तर असे की, ह्या उदाहरणाने माझी कसोटी अधिकच पक्की होते. माणसाची जागा घेण्याचे काम त्या यंत्राला साधले नाही. ज्याच्या बोटांत आधीच राग होता अशा माणसाच्या हाती पडल्यावर मात्र ते बोलू लागले. सिंग ह्यांनी यंत्राला राग शिकविला, यंत्राने त्यांना शिकविला नाही.

ह्या साऱ्याचा आपल्या शाळेशी संबंध आहे. अलीकडे स्नेहसंमेलनात गाण्यांची साथ तयार ध्वनिफितीवर होते आणि प्रार्थनाही पुष्कळदा कर्ण्यातून येते. मुले ओठ हलवितात. आपला प्रदेश संगीताला दरिद्री नाही. बसवण्णांची वचने आणि तुकोबांचे अभंग येथे एकाच ओसरीवर गाइले जातात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीतही पदे रचिली व कानडीतही. तेथील दत्तजयंतीच्या संगीत दरबारात थोर गवयांनी हजेरी लावली आहे. ज्या सीमेवर भाषेचे वाद होतात त्याच सीमेवर सूर मात्र वाद न घालता नांदत आले, ते गाणारी आणि वाजविणारी माणसे दोन्हीकडे होती म्हणून. ती माणसे ध्वनिफितीतून निर्माण होणार नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी आहे. शाळेने प्रथम एक साधा इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्यावा, आणि रोजची प्रार्थना त्याच्या सुरावर मुलांनीच गावी. नंतर एक तालयंत्र घ्यावे, परंतु त्याबरोबरच गावातील एखाद्या वृद्ध पखवाज्याला आठवड्यातून एक तास मानाने बोलवावे; यंत्रावर रियाज होईल, त्यांच्यापुढे परीक्षा होईल. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड ह्यांचा विचार त्यानंतर, आणि तोही पैसे उरल्यास. खर्च थोडा आहे; चिकाटी मात्र पुष्कळ लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कोणते वाद्य घ्यावे हे शेवटी तुमच्या आवडीवर आणि वडिलांच्या खिशावर अवलंबून राहील. घ्याल ते आनंदाने वाजवा. फक्त आठवड्यातून एकदा ते बंद करून शांत बसा आणि षड्ज लावून पाहा. तो जागच्या जागी लागला, तर तुमचे यंत्र उत्तम आहे, मग ते ह्या प्रतवारीत कोणत्याही क्रमांकावर असो.