मे महिन्याचे पाच रविवार: घराची डागडुजी आणि मुलांची सुट्टी एकाच वेळी कशी सांभाळाल?

शाळांना सुट्टी लागली की पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: ओळखीचा चांगला गवंडी किंवा प्लंबर आहे का? दुसरा: मुलांसाठी जवळपास एखादं शिबिर आहे का? दोन्ही प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा तेच आई-बाबा असतात. दोघं नोकरीला, सकाळी हार्बरची लोकल, परत यायला रात्रीचे आठ. हातात उरतात ते मेमधले चार-पाच रविवार.

हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, असं आमचं म्हणणं आहे. पावसाआधी घर नीट करायचं आणि मुलांना गुंतवून ठेवायचं, ही दोन्ही कामं बरीचशी एकत्र होऊ शकतात. मात्र कोणतं काम मुलांच्या हाती द्यायचं आणि कोणत्या कामाच्या आसपासही त्यांना येऊ द्यायचं नाही, याची रेघ आधी आखून घ्यायला हवी.

‘जूनपर्यंत वेळ आहे’ हा हिशेब का चुकतो?

मुंबई परिसरात मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान विभागाची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून. पण २०२५मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. १९५०पासूनच्या नोंदींमध्ये इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. मेच्या शेवटच्या आठवड्यात काम काढू, असं ठरवलेल्यांच्या गच्च्या तशाच राहिल्या.

आता उलटा हिशेब करून पाहा. गच्चीवर पाणी साठवून गळती शोधायला २ दिवस. फोडकाम आणि कोबा घालायला साधारण ४ दिवस. सिमेंटच्या कामाला पाणी मारत राहायला किमान १० दिवस. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीटसाठी भारतीय मानकानेही हाच किमान कालावधी दिला आहे. त्यानंतर पुन्हा पाणी साठवून तपासणीचे २ दिवस आणि सुकायला ३ दिवस. एकूण झाले २१. पाऊस २६ मेला येणार असेल, तर काम ५ मेला सुरू व्हायला हवं. म्हणजे गवंड्याशी बोलणी एप्रिलमध्येच व्हायला हवीत.

ही घाई कशासाठी, तेही आकड्यांत पाहू. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. तुमच्या इमारतीची गच्ची १०० चौरस मीटर धरा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकणात हे नवलाचं नाही, तर गच्चीवर १०,००० लिटर पाणी पडतं. पाणी उतरायच्या पाइपच्या तोंडाशी पालापाचोळा किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असेल, तर ते पाणी तिथेच तुंबतं. वजन भरतं १० टन. नवीन पनवेलमधल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींना हे ओझं परवडणारं नाही.

ओल पावसाची की पाइपची? ओळखायची वेळ हीच

भिंतीवर ओल दिसली की पावसाळ्यात भांडण ठरलेलं. सोसायटी म्हणते, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येते. वरचे म्हणतात, बाहेरच्या भिंतीतून येते. पाऊस चालू असताना नेमकं सांगणं कठीण जातं. मेमध्ये मात्र बहुतेक दिवस आभाळातून थेंब पडत नाही. त्यामुळे या महिन्यात भिंत ओली असेल किंवा डाग पसरत असेल, तर संशय आधी नळजोडणी, मोरी किंवा सांडपाण्याच्या पाइपवर घ्यायचा. डाग कोरडा असेल, पोपडे आलेले असतील आणि तो गच्चीखाली किंवा बाहेरच्या भिंतीला असेल, तर तो बहुधा मागच्या पावसाचा.

हे तपासायचं काम आठ-दहा वर्षांचं मूल उत्तम करतं. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची आणि दर रविवारी पाहायचं. डाग रेघेबाहेर गेला का? मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. चार आठवड्यांनी तुमच्या हातात वादाऐवजी पुरावा असेल.

पुरावा लागतो, कारण खर्च कोणी करायचा हे त्यावर ठरतं. राज्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या सामायिक पाइपलाइन, पाण्याच्या टाक्या आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. फ्लॅटच्या आतल्या सिंक, संडास, बाथरूममधून होणारी गळती ही त्या सदनिकाधारकाची जबाबदारी. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यायची, असंही हे उपविधी सांगतात. तुमच्या इमारतीची शेवटची तपासणी कधी झाली, हे सचिवांना विचारायला काहीच हरकत नाही.

मुलांना कामाला लावायचं, म्हणजे काय?

कोकणात ही कल्पना नवी नाही. कौलारू घरांची शाकारणी मेमध्येच व्हायची. मोठी माणसं छपरावर, आणि खाली मुलांची रांग कौलं हातोहात पुढे देणारी. पनवेल-उरण पट्ट्यात आगोटची खरेदी अजूनही होते. सुकी मासळी, मसाला, तांदूळ, कडधान्यं भरून ठेवायची; अंगणात पापड-कुरडया वाळत घालायच्या आणि कावळे हाकलायला पोरं बसवायची. सुट्टीत मुलांना कशात गुंतवायचं, हा प्रश्न त्या घरांत फारसा पडत नसे. फ्लॅटमध्ये डागडुजी कंत्राटदाराकडे गेली, मुलं मोबाइलकडे गेली आणि घर कसं चालतं हे मुलांना दिसेनासं झालं.

मोबाइल पूर्ण बंद करा, असं आम्ही म्हणणार नाही. पण भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा लक्षात ठेवा: २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, ५ ते १० वर्षांच्या मुलांना २ तासांहून कमी. सुट्टीतल्या लांबलचक दुपारी ही मर्यादा पाळायची, तर मुलांना हातात दुसरं काहीतरी खरंखुरं द्यावं लागेल.

वयानुसार कामं अशी वाटता येतील:

- ५ ते ८ वर्षं: कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे यांत साचलेलं पाणी शोधायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण ७ ते १० दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. पाणी ओतून भागत नाही, मोठ्यांनी भांडं घासूनही घ्यायचं.
- ९ ते १२ वर्षं: गळके नळ मोजायचे. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर ४ लिटरपेक्षा जास्त पाणी वाया. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळते आहे.
- १३ ते १६ वर्षं: घराचा मुख्य व्हॉल्व्ह आणि मुख्य स्विच कुठे आहे, तो कसा बंद करायचा, हे शिकून घ्यायचं. पाणी बंद करून मोठ्यांसोबत नळाचा वायसर बदलायचा. दोन-तीन कारागिरांकडून आलेले दर वहीत मांडून तुलना करायची.

ही कामं मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखीच द्यायची. मुलाने नळ दुरुस्त करायचा आणि मुलीने कपाट आवरायचं, ही वाटणी याच सुट्टीत मोडता येईल.

आणखी एक पथ्य. मुलं ही फुकटची मजूर नव्हेत. दिवसाला तास-दीड तास काम पुरे. बाकीची सुट्टी खेळायला, आजोळी जायला, आंबे खायला आणि काहीच न करायलाही आहे. त्यांनी शोधलेल्या गोष्टीवर तुम्ही काही कृती केली, तर ती पुढच्या वेळी उत्साहाने शोधतील. मुलाने दाखवलेला गळका नळ महिनाभर तसाच गळत राहिला, तर खेळ तिथेच संपला.

मुलांना कुठे अजिबात न्यायचं नाही?

उंची आणि टाक्या. शिडी, छज्जा, कठडा नसलेली गच्ची इथे मुलं नकोत. जमिनीखालच्या टाकीचं झाकण साफसफाईच्या दिवशी उघडं राहतं, आणि त्याच दिवशी मुलं खाली खेळत असतात. झाकण उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथे एक मोठा माणूस उभा हवा. खिडकीची जाळी किंवा ग्रिल रंगासाठी काढली असेल, तर त्या खोलीला कडी लावा.

वीज. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवणारं यंत्र म्हणजे आरसीसीबी. घरगुती वापराचा आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअर विद्युतप्रवाह भलतीकडे गेला की पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा मोठ्यांनी दाबून पाहावं. वीज गेली नाही, तर इलेक्ट्रिशियन बोलवावा. जुन्या घरांत आरसीसीबी नसतोच. रंग आणि टाइल्सवर हजारो रुपये घालण्याआधी तो बसवून घ्या. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून, गिझर किंवा वॉशिंग मशीनमधून शॉक बसण्याचा धोका वाढतो.

रसायनं. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिडचा टॉयलेट क्लीनर एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. ही सफाई मुलं घरात नसताना, खिडकी उघडी ठेवून करा.

ऊन. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये उघड्या मैदानात झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. आपल्याकडची दमट हवा घाम सुकू देत नाही; तापमान चाळिशीला पोहोचलं नाही तरी शरीर तापतं. गच्चीवरचं काम सकाळी ९च्या आत किंवा संध्याकाळी ५नंतर. कारागिरांनाही हीच वेळ द्या, प्यायला पाणी द्या.

नदी आणि खदानी. घरी कोणी नाही आणि दुपारी काही करायला नाही, अशी मोठी मुलं पोहायला बाहेर पडतात. गाढी नदी असो वा पाणी साठलेली खदान, तळ दिसत नाही आणि वाचवायला कोणी नसतं. पोहायचं असेल तर जीवरक्षक असलेल्या तलावातच, हे घरात स्पष्ट सांगून ठेवा.

पाच रविवारांचं वेळापत्रक

१. पहिला: गच्ची आणि भिंतींची पाहणी. ओलीच्या डागांवर रेघा. गच्चीचं काम याच आठवड्यात सुरू.
२. दुसरा: नळ, फ्लश, मोरीची जाळी. पनवेलला पाणी पुरवणारं देहरंग धरण उन्हाळ्याच्या अखेरीस तळ गाठतं. अशा वेळी घरात वाचवलेला प्रत्येक लिटर टँकरची वाट पाहणं कमी करतो.
३. तिसरा: वीज. आरसीसीबीची चाचणी, सैल प्लग, उघड्या वायरी. एसीचा फिल्टर धुणं.
४. चौथा: खिडक्यांच्या फटी, पावसाच्या पाण्याच्या पाइपची तोंडं, बाल्कनीतला पसारा. वाऱ्याने उडतील अशा कुंड्या आत.
५. पाचवा: आगोट. किराणा, औषधं, टॉर्च, छत्र्या, रेनकोट. महत्त्वाची कागदपत्रं प्लास्टिकच्या पाकिटात.

सोसायट्यांनी काय करावं?

सगळं एका घराच्या हातात नाही. सोसायटीने दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गच्ची, टाक्या आणि पाइपची पाहणी करून तिचा अहवाल सूचनाफलकावर लावला, तर जूनमधली निम्मी भांडणं मिटतील. पाहणीच्या फेरीत, धोक्याच्या जागा वगळून, इमारतीतल्या मोठ्या मुलांनाही सोबत घ्यावं. आपली इमारत किती वर्षांची, पाणी कुठून येतं, कुठे जातं, बिल कोण भरतं, हे त्यांना तिथे कळेल. दहा वर्षांनी याच सोसायटीच्या सभांना तीच मुलं बसणार आहेत. आज बहुतेक सभांमध्ये रिकाम्या खुर्च्याच जास्त असतात.

या रविवारी सुरुवात करायला एक पेन्सिल आणि एक टॉर्च पुरेल. घरातल्या सगळ्यात लहान सदस्याच्या हातात टॉर्च द्या आणि भिंतीवरचा पहिला डाग त्यालाच शोधू द्या.